सारंगखेड्याचा घोडा, अंजनाचा राजा

बुद्धिबळाच्या संचात ३२ मोहरे असतात. त्यांतले २८ लेथवर चढतात, गरगर फिरतात आणि थोड्याफार हातकामाने पुरे होतात. उरतात चार घोडे. प्याद्याचं डोकं गोल, उंटाचं निमुळतं, हत्तीचा बुरूज सरळ. हे सगळे आकार लाकूड फिरवून मिळतात. घोड्याला मात्र नाक आहे, जबडा आहे, आयाळ आहे आणि जरा हात चुकला की मोडणारे दोन कान आहेत. लेथ त्याच्या बैठकीपुरता कामाचा. मान आणि डोकं पटाशीनेच काढायचं. म्हणून नवा संच हातात आला की जाणकार माणूस राजा-वजिराकडे वळतही नाही, आधी घोडा उचलतो. संचाची किंमतही बहुतेक तिथेच ठरते.

जगभर विकल्या जाणाऱ्या चांगल्या लाकडी संचांपैकी कितीतरी अमृतसरमध्ये घडतात. तिथल्या कारागिरांच्या आधीच्या पिढ्या हस्तिदंत कोरत. १९८६ साली वन्यजीव कायद्यातल्या दुरुस्तीने भारतीय हस्तिदंताचा व्यापार बंद झाला आणि १९९१मध्ये आफ्रिकेतून येणाऱ्या हस्तिदंताची वाटही बंद झाली. हात तेच राहिले, हातातला माल बदलला. फिकट पिवळं बॉक्सवुड, तांबूस पडौक, शिसम आणि आयात केलेलं एबनी यांवर तीच नजर आणि तीच बारीक हत्यारं चालू लागली. २०१३ साली पेंटाग्राम या संस्थेच्या डॅनियल वाइल यांनी जागतिक अजिंक्यपदाच्या लढतींसाठी नव्याने रेखाटलेला संचही अमृतसरच्याच कारागिरांकडे आला. तो संच परदेशात ५०० डॉलरच्या आसपास विकला जातो. त्याचा घोडा कोरता येणारे हात तिथेही मोजकेच आहेत.

आता खानदेश. धुळ्याहून शिरपूरकडे मुंबई-आग्रा रस्त्याने निघालं की आधी सोनगीर लागतं, मग नरडाणा. सुरत-भुसावळ लोहमार्गावरचं हे स्टेशन. शेजारी औद्योगिक वसाहत, भोवती कापसाची काळी शेतं, आणि उत्तरेला तापी ओलांडून गेलं की सातपुड्याची रांग. बुद्धिबळाचा संच घडवायला ज्या तीन गोष्टी लागतात त्या या टापूत शेजारी-शेजारी सापडतात: एक काळं लाकूड, एक पांढरं लाकूड आणि समोर उभा करून बघायला खराखुरा घोडा. अमृतसरला यातलं निम्मं बाहेरून आणावं लागतं. त्यामुळे इथल्या एखाद्या सुताराने संच करायला घेतला, तर तो काय काय करील, हे तपशिलात बघण्यासारखं आहे.

काळ्या बाजूसाठी अंजन. खानदेशच्या उथळ, मुरमाड, कोरड्या जमिनीवर जिथे साग खुरटतो तिथेही अंजन उभा राहतो. दुष्काळात त्याच्या पाल्यावर गुरं तगतात, सालीच्या वाखाचे दोर वळतात. पण त्याची खरी ओळख गाभ्याची. गाभा गडद तांबूस-काळा, त्यात जांभळी झाक. इतका घट्ट की वाळलेला तुकडाही पाण्यात टाकला तर बुडतो. भारतातल्या सर्वांत जड आणि कठीण लाकडांत तो मोडतो. जुन्या घरांच्या खांबांना तो चालायचा, कारण वाळवीला तो दाद देत नाही. सुतार मात्र त्याच्यावर खूश नसतो. करवतीचे दात बोथट होतात, पटाशीला दर थोड्या वेळाने धार लावावी लागते आणि तंतू एकमेकांत गुंतलेले असल्याने रंधा मारताना लाकूड उचकटतं. हाच हट्टीपणा लेथवर उपयोगी पडतो. अंजनावर काढलेली बारीक कड तशीच टोकदार राहते, आणि पॉलिश कमी लागतं, कारण नुसत्या कापडाने घासलं तरी त्याला चकाकी येते.

एबनीची बरोबरी अंजन करतं का? रंगात नाही. एबनी काळंभोर, अंजन काळपट तांबडं. पण बाजारातल्या कित्येक संचांचे काळे मोहरे मुळात बॉक्सवुडचेच असतात, वरून काळा रंग चढवलेले. कपचा उडाला की आतला पिवळा दिसतो. त्यापुढे अंजनाचा प्रामाणिक तांबडा-काळा रंग केव्हाही उजवा.

पांढऱ्या बाजूसाठी दोन पर्याय. एक काळा कुडा. नावात काळा असला तरी लाकूड हस्तिदंतासारखं पांढरं आणि गुळगुळीत. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची लाखेची खेळणी याच झाडाच्या लाकडाची. दुसरा हळदू, म्हणजेच हेद. तो कापल्याबरोबर हळदीसारखा पिवळा दिसतो, पुढे हळूहळू तपकिरीकडे झुकतो. तंतू बारीक आणि एकसारखे, त्यामुळे कातकामाला उत्तम; पूर्वी कापड गिरण्यांच्या बॉबिनी आणि लाकडी फण्या हळदूच्या व्हायच्या. प्याद्याची मान त्याच्यातून जितकी स्वच्छ निघते तितकी सागातून निघत नाही. सागाचे छिद्रांचे पट्टे बारीक कामात उठून दिसतात आणि लहान आकाराची रेघ बिघडवतात. साग पटासाठी ठेवावा.

इथे एक अडचण उभी राहते, आणि ती हाताला जाणवणारी आहे. कुडा हलका, अंजन जड. एकाच मापाचा पांढरा राजा आणि काळा राजा उचलला तर दोन वेगळ्या खेळांतले वाटतील. त्यासाठी मोहऱ्याच्या बैठकीत खालून भोक पाडून वजन भरतात. जुन्या काळी शिसं, आता बहुधा लोखंडाचे गोल तुकडे. भोक बुजवून त्यावर हिरवी बनात चिकटवतात, म्हणजे मोहरा पटावर घासत नाही आणि खाली ठेवताना टक्‌ असा कोरडा आवाज येत नाही. खानदेशच्या संचात पांढऱ्यात वजन जास्त भरायचं, काळ्यात नावापुरतं किंवा मुळीच नाही. धातूचे तुकडे शोधायला लांब जायला नको. सोनगीर तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध आहे, आणि तांबटाच्या आळीत पितळेचं कातरण काही कमी नसतं.

लाकूड आणायचं कुठून, हा प्रश्न मात्र सरळ नाही. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४च्या अनुसूचीत १६ झाडं आहेत. साग, खैर, चंदन, बिजा, तिवस यांच्याबरोबर त्यात हळदूही आहे आणि अंजनही. म्हणजे झाड स्वतःच्या बांधावरचं असलं तरी परवानगीशिवाय त्याला कुऱ्हाड लावता येत नाही. चार घोड्यांसाठी कोणी झाड पाडूही नये. त्यापेक्षा जुनं लाकूड बघावं. खानदेशातली धाब्याची घरं पाडून त्या जागी स्लॅबची घरं होत आहेत. त्यांचे खांब, तुळया, दाराच्या चौकटी जुन्या लाकडाच्या वखारीत येऊन पडतात. ट्रॅक्टर आल्यावर बाजूला पडलेल्या बैलगाड्यांत बाभळीचे तुंबे आहेत, सागाच्या दांड्या आहेत. पन्नास-साठ वर्षं छताखाली वाळलेलं असं लाकूड नव्या लाकडापेक्षा शतपटीने भरवशाचं. फक्त त्यात कुठे जुना खिळा रुतलेला आहे का, ते लोहचुंबक फिरवून बघावं. एका खिळ्यात करवतीचं पातं जातं.

नवं लाकूड घेतलंच तर वाळवण्याची घाई नको. नरडाण्याच्या बाजूला एप्रिल-मेमध्ये पारा ४०च्या वर जातो, आणि हवा इतकी कोरडी होते की ओंडक्याची टोकं मधल्या भागाच्या कितीतरी आधी वाळतात. टोक आक्रसतं, मधला भाग ओला राहतो, आणि तडा जातो. म्हणून टोकांना मेण किंवा शेणकाला लावून ओंडका सावलीत, जमिनीपासून उचलून ठेवायचा. शिवाय ओंडक्याच्या अगदी मधला गर मोहऱ्यात येऊ द्यायचा नाही. गर मध्यभागी असलेला राजा आज सुबक दिसतो. पुढच्या उन्हाळ्यात त्याच्या मुकुटापासून बैठकीपर्यंत उभी भेग पडलेली असते.

मापांचा भाग सोपा, कारण तो कोणीतरी आधीच ठरवून ठेवला आहे. आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघ, म्हणजे १९२४ साली पॅरिसमध्ये स्थापन झालेला फिडे, राजाची उंची ९.५ सेंटिमीटर सुचवतो, वजीर ८.५, उंट ७, घोडा ६, हत्ती ५.५ आणि प्यादं ५. बैठकीचा व्यास उंचीच्या ४० ते ५० टक्के. पटाचं घर ५ ते ६ सेंटिमीटरचं. प्याद्याच्या बैठकीच्या दुप्पट घराची बाजू, हा आणखी एक हिशोब. त्यामुळे एका घरात चार प्यादी नेमकी बसली पाहिजेत, आणि कोणताही संच तपासायची ही सर्वांत स्वस्त चाचणी आहे. कातारी पत्र्यातून प्याद्याची अर्धी आकृती कापून घेतो, फिरत्या लाकडाला ती लावून बघतो आणि जिथे उजेड दिसतो तिथे अजून काढतो. पहिलं प्यादं सुंदर होणं ही मोठी गोष्ट नव्हे. सोळावं पहिल्यासारखं होणं ही आहे.

या मापांमागचा आकार इंग्रजी. १ मार्च १८४९ रोजी नथॅनियल कुक यांच्या नावाने लंडनमध्ये त्याची नोंद झाली, जॅक्स या कारखान्याने तो बाजारात आणला, आणि त्या काळचे आघाडीचे खेळाडू हॉवर्ड स्टॉन्टन यांचं नाव त्याला चिकटलं. तोवर युरोपात प्रत्येक देशाचे मोहरे निराळे, आणि भारतात तर प्रत्येक दरबाराचे. इथल्या संचांत हत्ती खरोखर हत्तीसारखा कोरलेला असायचा, उंट उंटासारखा. दोन बाजू काळ्या-पांढऱ्या नव्हे तर लाल-हिरव्या रंगवलेल्याही असायच्या. स्टॉन्टन आकारात आपल्या हत्तीचा बुरूज झाला आणि उंटाची टोपी झाली. सगळ्या खेळाडूंना परका संचही एका नजरेत वाचता यावा, हा त्यातला फायदा मोठा होता, आणि स्पर्धेत आजही तोच आकार लागतो. घरच्या संचात मात्र कोणी खरा हत्ती कोरला तर फिडे काही दारात येऊन उभा राहणार नाही.

पटाची गोष्ट याहून जुनी. चतुरंगाचा अष्टापद पट चौकड्यांचा नव्हताच. घरं रेघांनी आखलेली, रंग एकच. भारतात कापडी पट शतकानुशतकं असेच चालले. दुसऱ्या बाजीराव पेशव्याच्या काळात त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांनी बुद्धिबळावर संस्कृतात ‘विलासमणिमंजरी’ लिहिली आणि १८१४ साली मुंबईत तिचं इंग्रजी रूपांतर छापून आलं, तेव्हा युरोपी पद्धतीचा खेळ इथे पाय रोवत होता. काळ्या-पांढऱ्या घरांचा पट त्याच वाटेने घरोघरी पोचला.

असा पट करायला ६४ तुकडे कापून जोडत बसायचं नसतं. सागाच्या चार पट्ट्या आणि अंजनाच्या किंवा शिसवाच्या चार पट्ट्या, प्रत्येकी घराच्या रुंदीच्या, आलटून-पालटून चिकटवायच्या. फळी वाळली की ती आडवी कापून पुन्हा आठ पट्ट्या काढायच्या. प्रत्येकीवर आता आठ घरं आलेली असतात. मग एक सोडून एक पट्टी उलट फिरवायची आणि पुन्हा चिकटवायचं. युक्ती साधी, पण चूक माफ न करणारी. प्रत्येक पट्टी अर्ध्या मिलिमीटरने रुंद झाली तर आठव्या पट्टीपर्यंत ती चूक चार मिलिमीटर होते, आणि घरांचे कोपरे एकमेकांना चुकवू लागतात. डोळ्याला दुसरं काही दिसलं नाही तरी कोपरा चुकलेला लगेच दिसतो. गुण्या लावून प्रत्येक पट्टी तपासल्याशिवाय सरस किंवा फेविकॉलची बाटली उघडू नये.

आणि मग चौकट. हौशी माणूस इथे फसतो. साडेपाच सेंटिमीटरची आठ घरं म्हणजे ४४ सेंटिमीटरची फळी. लाकूड तंतूंच्या लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत मात्र हवेतला ओलावा घेऊन फुगतं आणि कोरड्या दिवसांत आक्रसतं. ही हालचाल नुसती एक टक्का धरली तरी ४४ सेंटिमीटरला चार मिलिमीटरहून जास्त होते. खानदेशात मेमध्ये हवा भट्टीसारखी आणि ऑगस्टमध्ये ओलसर, त्यामुळे हा फरक कागदावर राहत नाही. चौकट चारी बाजूंनी घट्ट चिकटवली तर पावसाळ्यात फळी मधून फुगून वर उठते किंवा उन्हाळ्यात तडकते. म्हणून चौकटीच्या आतल्या अंगाला खाच पाडायची, फळीची कड त्या खाचेत नुसती सरकवायची आणि हलायला जागा ठेवायची. दाराच्या दिलह्याला सुतार हेच करतो. त्याला ते शिकवावं लागत नाही. कारखान्यातला पट बहुधा प्लायवूडवर पातळ व्हिनियर लावून करतात. तो हलत नाही आणि स्वस्तही पडतो, पण एकदा कड उचलली की दुरुस्त होत नाही.

मग घोडा.

मूळ स्टॉन्टन घोड्याचं डोकं अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिरावरच्या चंद्रदेवता सेलेनीच्या रथाच्या घोड्यावरून घेतलं, असं सांगतात. दमलेला, नाकपुड्या फुललेला, जबडा उघडा पडलेला तो संगमरवरी घोडा आजही लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. अमृतसरचा कारागीर तो म्युझियममध्ये जाऊन बघत नाही. तो समोरच्या नमुन्यावरून कोरतो, आणि त्या नमुन्याच्या आधी आणखी नमुने झालेले असतात. नकलेची नक्कल होत गेली की डोळा वर सरकतो, जबडा सुजतो, आयाळ करवतीच्या दातांसारखी होते. स्वस्त संचांतले घोडे गाढवासारखे दिसतात त्याचं कारण हेच: ते कोरणाऱ्याने घोड्याकडे नाही, दुसऱ्या मोहऱ्याकडे बघितलेलं असतं.

खानदेशातल्या माणसाला ही अडचण नको. दोंडाईच्याहून शहाद्याकडे जाताना तापीचा पूल ओलांडला की सारंगखेडा. एकमुखी दत्ताच्या यात्रेला दत्त जयंतीपासून तिथे घोड्यांचा बाजार भरतो. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेशातून व्यापारी जनावरं घेऊन उतरतात. मारवाडी, काठियावाडी, पंजाबचे पांढरे नुकरे. घेणारा चाल बघतो, दात बघतो, अंगावरचे भोवरे तपासतो; मानेवर देवमण असलेल्या घोड्याचा भाव वेगळा. कोरणाऱ्याने बघायचे ते कान. मारवाडी आणि काठियावाडी घोड्याचे कान आत वळलेले असतात, इतके की ताठ झाले की त्यांची टोकं एकमेकांना टेकतात. जगातल्या दुसऱ्या कोणत्याही घोड्याला ही खूण इतकी ठळक नसते, आणि बुद्धिबळाच्या प्रचलित संचांतल्या घोड्यांवर ती सहसा दिसत नाही.

कोरण्याच्या दृष्टीनेही हे कान सोयीचे ठरावेत. घोड्याच्या तुकड्यात तंतू उभे ठेवतात, कारण मान उभी आणि तिथे ताकद हवी. त्यामुळे पुढे आलेलं नाक तंतूंच्या आडवं पडतं आणि खाली आपटलं की पहिल्यांदा तेच तुटतं. कान उभ्या तंतूंत असले तरी इतके पातळ की सुटे ठेवले तर पिशवीतच मोडतात. टोकं एकमेकांना टेकलेली कमान ठेवली, तर दोन्ही कान एकमेकांना धरून राहतात. आधी बाजूची बाह्यरेषा बारीक करवतीने काढायची, मग पटाशीने गालाचा पसारा कमी करायचा, दोन्ही बाजूंनी सारखा. डोळ्याचा खळगा, नाकपुडी, मग आयाळ. कान सर्वांत शेवटी; त्यांच्यामधली फट बारीक ड्रिलने पाडून कानशीने वाढवायची. अंजनात हे काम फार हळू चालतं. हळदूत पटाशी लोण्यासारखी जाते, आणि तिथेच हात वाहवतो. दोन्ही बाजूंचे घोडे सारखे दिसायला हवेत, म्हणून आधी काळे करून घ्यावेत आणि त्यांच्या मापाने पांढरे काढावेत.

असा संच विकून पोट भरेल का, याचं उत्तर निर्यातीच्या कागदांत थोडंफार आहे. शिसम-शिसवाच्या सगळ्या जातींवर २ जानेवारी २०१७पासून सायटिस या आंतरराष्ट्रीय कराराचं नियंत्रण आलं आणि हस्तकलेच्या निर्यातदारांचं काम कागदपत्रांत अडकलं. नोव्हेंबर २०२२मध्ये पनामात झालेल्या परिषदेत भारताच्या आग्रहाने सवलत मिळाली: प्रत्येक वस्तूचं वजन १० किलोंच्या आत असेल तर शिसमच्या कितीही वस्तू सायटिसच्या परवान्याशिवाय एकाच खेपेत जाऊ शकतात. शिसमचा संच त्यात सहज बसतो. पण स्पर्धेच्या मंडपात लाकूड कमीच दिसतं. २०२४ साली जळगावच्या जैन हिल्सवर ११ वर्षांखालच्या मुलामुलींची राष्ट्रीय स्पर्धा झाली. अशा स्पर्धांत शेकडो पट मांडायचे तर प्लास्टिकचे मोहरे आणि गुंडाळता येणारा पटच परवडतो. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५मध्ये जॉर्जियातल्या बातुमीत महिलांचा विश्वचषक जिंकला आणि बुद्धिबळ पुन्हा घरोघरी बोलण्यात आलं. त्यातून लाकडी संचाला गिऱ्हाईक मिळेलही, पण ते भेटवस्तूचं. रोजच्या खेळाचं नव्हे.

लाकूड, आणि तेही हातानं घडवलेलं, जिथे खरोखर लागतं तो खेळ वेगळा आहे. स्वतः दृष्टी गमावलेले मुंबईचे चारुदत्त जाधव यांनी अंध बुद्धिबळपटूंची राष्ट्रीय संघटना उभी केली, आणि आज देशभरचे अंध खेळाडू तिच्या स्पर्धांत उतरतात. त्यांचा पट निराळा. काळी घरं पांढऱ्यांपेक्षा किंचित उंच, प्रत्येक घराच्या मध्यभागी भोक, मोहऱ्यांना खालून खुंटी. बोटं फिरवताना मोहरा पडू नये म्हणून. काळ्या मोहऱ्यांना माथ्यावर खूण, बहुधा छोटी खिळ्याची टोपी, म्हणजे स्पर्शाने रंग कळतो. फिडेच्या नियमांत अशा पटाचं वर्णनच दिलं आहे. किमान २० सेंटिमीटर चौरस. नरडाण्याच्या सुताराला यातलं काहीही अवघड नाही. उंच-सखल पट्ट्या, ६४ भोकं, ३२ खुंट्या. चौकटीची हालचाल तीच, गुण्या तोच.

अवघड पुन्हा तेच. इथे घोडा डोळ्यांनी नाही, बोटांनी ओळखायचा असतो. नाक मोडलं किंवा कान झिजले तर तो उंट वाटू शकतो, आणि घाईच्या वेळी हात फसतो. टेकलेल्या टोकांचे सारंगखेडी कान इथे दिसण्यापेक्षा लागण्याच्या कामाचे: त्यांच्यामधली फट बोटाच्या टोकाला चटकन कळते. आणि दोघेही खेळाडू अंध असले की प्रत्येकजण स्वतःचा पट समोर घेऊन बसतो. एकाने चाल मोठ्याने सांगायची, दुसऱ्याने ती आपल्या पटावर करायची. म्हणजे एका डावाला दोन पट, ६४ मोहरे आणि आठ घोडे.